चौथ्या मचाणाचा पट्टा

१

दर शनिवारी सकाळी मी नऊ मचाणं तपासते. पाठीवर पिशवी, पिशवीत तेलाची बुधली, पाना, फडकं आणि चहाचा थर्मास. पहिलं मचाण ओढ्याकाठी, नववं कड्याखाली, मधली सात रानात विखुरलेली. तीन तास लागतात. एकसष्टाव्या वर्षी गुडघे कुरकुरतात, पण दुसऱ्या कुणाला मी या पट्ट्यांना हात लावू देत नाही. तीन वर्षांची झोप त्यांच्यात गेलीय माझी.

पट्टे म्हणजे भंगारातल्या मोटारींचे सीट-बेल्ट. मचाणाच्या छताच्या तुळईला मी एक फिरकी बसवली आहे. तिच्यातून पट्टा खाली शिडीच्या पायथ्यापर्यंत येतो. शिकाऱ्याने जमिनीवरच तो कमरेला आणि खांद्यांवरून आवळायचा आणि मग चढायचं. चढताना फिरकी पट्टा गुंडाळत जाते. माणूस घसरला, झटका बसला, की दातेरी चाक अडकतं आणि माणूस जिथल्या तिथे लटकतो. त्याच क्षणी वर टांगलेल्या मेंढीच्या घंटेचा लोलक मोकळा सुटतो. जुन्या घड्याळात वजन काटे फिरवतं ना, तसं इथे माणसाचं वजन घंटा हलवतं. वजन उतरेपर्यंत ती वाजत राहते. वाऱ्याने वाजत नाही, खारीने वाजत नाही. चाळीस किलोच्या आत तर वाजायचा सवालच नाही. तीस वर्षं लाकूड-गिरणीत फिटर होते मी, असल्या बाबतीत माझा हात चुकत नाही.

आमचं झाब्रेझ स्लोवाकियातल्या खालच्या तात्रा डोंगरांच्या कुशीतलं गाव. शिकारी मंडळात चौदा माणसं, आणि त्यांचा अध्यक्ष कोर्नेल. माझ्या नणंदेचा, ओटिलियाचा नवरा. अंगाने वाळकी काडी, पण आवाज असा की खोऱ्यातल्या हरणानेसुद्धा मान वर करावी. सप्टेंबरमध्ये मी पट्टे बसवले तेव्हा हा खाली उभा राहून बघत होता.

"वहिनी, मचाणावर माणूस गप्प बसायला जातो," तो म्हणाला. "तू तिथे देवळाची घंटा बांधतेस."

"पडलात तर कळायला नको, भाऊजी?"

"पन्नास वर्षं चढतोय. पडलो का?"

"पडलेला माणूस सांगायला येत नाही," मी म्हटलं.

शेवटी ठरलं ते असं. तीन नोव्हेंबरला, शिकाऱ्यांच्या संत हुबर्टच्या दिवशी, मंडळाची बैठक असते, तिथे मतदान. तोवर पट्टे राहतील. पण मधल्या काळात एक जरी घंटा उगाच वाजली, एकदा जरी हरणं विनाकारण उधळली, तर नऊच्या नऊ घंटा परत मेंढ्यांच्या गळ्यात. मी हात मिळवला. मला वाटलं, जिंकले.

तिसऱ्या शनिवारी चौथ्या मचाणाचा पट्टा कुणीतरी सैल केलेला दिसला.

प्रत्येक पट्ट्यावर मी रंगाच्या तीन खुणा केल्या आहेत. लाल बारीक माणसाला, पांढरी मध्यम, निळी जाड्याला. तपासून झालं की बक्कल मी पांढऱ्यावर ठेवते. चौथ्याचं बक्कल निळ्याच्याही पुढे दोन बोटं सरकलेलं होतं. मंडळात एवढ्या पोटाचा कुणी नाही. होता, तो तीन वर्षांपूर्वी गेला.

मी ते पांढऱ्यावर आणलं आणि पाचव्याकडे निघाले.

२

तो गेला म्हणजे गेझा, माझा नवरा. एकशे अठरा किलो. शिडी चढला की शिडी कण्हायची. रानात जाताना माझ्या पाठीवरची पिशवी तो स्वतः आवळायचा. मागून गुडघा माझ्या पाठीला टेकवायचा आणि घोड्याचा तंग ओढावा तसे बंद खेचायचा. माझा श्वास अडकायचा आणि मी शिव्या द्यायचे. "सैल बांधलेलं पडतं, पोला," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

आता जे सांगते ते या पट्ट्यांच्या आधीचं आहे, आणि तोवर मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

आम्हा स्लोवाक शिकाऱ्यांत डहाळ्यांची एक भाषा आहे. मचाणावर चढणारा खाली स्प्रूसच्या झाडाची भरली, सगळ्या पानांसकट डहाळी रोवतो. म्हणजे वर माणूस आहे, तिकडे गोळी नको, तिकडे जाऊ नको. उतरला की तिची खालची पानं ओरबाडायची, शेंड्याला फक्त झुपका ठेवायचा आणि तशी परत रोवायची. म्हणजे माणूस गेला, जागा रिकामी. ही खूण कुणी खोटी करत नाही. आमच्या गावात माणूस नवऱ्याशी किंवा बायकोशी खोटं बोलेल, पण डहाळीशी नाही.

त्या दिवशी गेझा पहाटे चौथ्यावर गेला. नऊच्या सुमाराला मी चहा घेऊन गेले. दोन हाका मारल्या. वरून उत्तर नाही, बंदुकीची नळी दिसेना. त्याची डहाळी खाली आडवी पडली होती. मला वाटलं, हा उतरून गेला मंडळातल्या ब्लाझेयकडे बोरोविच्काची दारू प्यायला आणि घाईत खूणही बदलली नाही. मला राग आला. नीटनेटकेपणाची मला भारी हौस. मी डहाळी उचलली, पानं ओरबाडली, झुपका ठेवला, नीट रोवली आणि घरी आले.

तो मचाणाच्या मागे, दहा हातांवरच्या खळग्यात घरंगळून पडला होता. पायरी निसटली होती. कंबर मोडली होती, आवाज फुटत नव्हता.

संध्याकाळी शोध सुरू झाला. पाऊस लागला, कुत्र्यांना वास मिळेना. चौथ्याकडे कोर्नेल स्वतः गेला. डहाळी बघितली, जागा रिकामी समजला आणि टोळी कड्याकडे वळवली. गेझा तिसऱ्या दिवशी सापडला. डॉक्टर म्हणाले, पहिली रात्र तो जिवंत असणार.

ती खूण गेझानेच बदलली असं सगळे धरून चालले. विसरलेलं काहीतरी घ्यायला परत चढताना पायरी निसटली असेल, असं म्हणाले. मी मान हलवली. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला एवढं एक वाक्य तीन वर्षं बोलता आलं नाही.

म्हणून मी घंटा केली. डहाळी माणसाच्या हातात असते, आणि हात चुकतात. वजन चुकत नाही.

३

पुढच्या शनिवारी चौथ्याचा पट्टा पुन्हा निळ्यापुढे दोन बोटं होता.

मला पहिला संशय ब्लाझेयचा आला. आमचा शिंगवाला. शिकार संपली की शिंग फुंकतो, आणि उरलेल्या वेळात लोकांच्या खोड्या काढतो. मी त्याच्या कुरणावर गेले तेव्हा तो मेंढ्यांना मीठ घालत होता.

"ब्लाझेय, चौथ्याला हात लावतोस का?"

"कशाच्या चौथ्याला? बायको एकच आहे मला."

"मस्करी नको. पट्टा कोण सैल करतं?"

त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि टोपी काढली. "पोलाताई, गेझाच्या मचाणाशी मी खेळ करीन? मला काय माणूस समजतेस की नाही?"

मला लाज वाटली. तो खरं बोलत होता.

मग म्हटलं, नायलॉन आहे, दवाने ताणला जात असेल. पण मग आठ पट्टे का ताणले जात नाहीत? म्हटलं, बक्कल घसरत असेल. नवीन बक्कल बसवलं. वरून लाल दोऱ्याची गाठ मारली आणि गाठीवर मेणाचा थेंब ठेवला. दोरा तोडल्याशिवाय बक्कल सरकणं शक्य नव्हतं.

ऑक्टोबरचा पहिला शनिवार. दोरा शाबूत. मेणावर माझ्या अंगठ्याचा ठसाही तसाच. आणि बक्कल निळ्यापुढे दोन बोटं.

मी तो पट्टा सोडवून घरी आणला. स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरला. दाराच्या खिळ्याला गेझाचा कातडी कमरपट्टा अजून लटकतोय, तो काढून शेजारी ठेवला. शेवटून दुसरं भोक वापरून वापरून लांबट झालेलं. बक्कलापासून त्या भोकापर्यंत मापलं. मग नायलॉनचा पट्टा मापला. टेप खाली ठेवली आणि पुन्हा एकदा मापलं.

दोन्ही एकशे एकतीस सेंटिमीटर.

मी भुताखेतांची बाई नाही. गिरणीत रात्रपाळीला एकटी मशीन खोलायचे मी. म्हणून मी टेबलाशी बसून मोठ्याने म्हटलं, "योगायोग." स्वयंपाकघरात ते फार मोठं ऐकू आलं. मग उठून मी दोन्ही पट्टे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले. शास्त्रीय कारण काहीच नव्हतं, नुसतं बरं वाटलं.

४

दुसऱ्या शनिवारी पट्टा परत बसवला आणि पुढे गेले. सहाव्यापाशी होते, साडेदहा झाले असतील, खालून घंटा वाजायला लागली.

मी स्वतः केलेल्या घंटा आहेत त्या, प्रत्येकीचा आवाज मला ठाऊक आहे. ती चौथी होती. एकसारखी, सावकाश, दर दोन सेकंदांनी एक टोल. पट्ट्यावर वजन असल्याशिवाय ती तशी वाजत नाही. मी गुडघे विसरून उतारावरून पळत सुटले.

चौथ्याखाली कुणी नव्हतं. शिडीवर कुणी नव्हतं.

पट्टा मात्र तुळईपासून सरळ खाली आला होता, ओळंबा सोडल्यासारखा ताठ. त्याचं कडं जमिनीपासून माझ्या छातीइतकं वर होतं, बक्कल लावलेलं आणि गोल. रिकामा पट्टा चपटा पडतो. हा गोल होता, आणि सावकाश अर्धा वळून परत येत होता. वर घंटा वाजत होती.

"चाक गंजलंय," मी म्हटलं. पोलाद पाच आठवड्यांचं होतं.

मी पट्ट्याला एक बोट लावलं. तो आत थरथरत होता. बाजूला ढकलून बघितला तर मोठं ओझं ढकलल्यासारखा जड गेला आणि जड परत आला. कड्याच्या आत हात घालायचं मात्र माझ्याने झालं नाही. का नाही, ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

मी शिडी चढले. वर, लटकलेल्या माणसाला खाली सोडायची एक कळ आहे. ती दाबली की चाक एकेक दात सुटतं. मी दाबली. कट, कट, कट. पट्टा उतरत गेला. कडं जमिनीला लागलं, घंटा थांबली आणि पट्टा सैल पडला.

वरून मी खाली बघितलं. जिथे कडं टेकलं होतं तिथलं शेवाळ दबलेलं होतं, चांगलं रुंद. बघता बघता ते हळूहळू वर यायला लागलं. ते पूर्ण वर येईपर्यंत मी वरच थांबले.

संध्याकाळी दुकानात ब्लाझेय भेटला. "सकाळी कुरणावर घंटा ऐकली. कोण पडलं?"

"कुणी नाही. मी तपासत होते."

"कोर्नेलने पण रानात ऐकली म्हणे. विचारत होता."

"तपासत होते असं सांग त्याला."

त्या रात्री मी काय विचार केला ते लपवत नाही. ही घंटा अशीच वाजत राहिली तर मतदान हरलेच. नऊ घंटा उतरणार. पुढच्या वर्षी नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी कुणीतरी गेझासारखा खळग्यात पडून राहणार, आणि त्याची बायको टेकडीच्या या बाजूला भांडी घासत असणार. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून रविवारी सकाळी प्रार्थनेला न जाता मी चौथ्यावर गेले आणि मेंढीची लोकर कोंबून घंटा बंद केली. लोलक हलायला जागा राहू नये इतकी घट्ट. पट्टा चालू होता, पडणारा माणूस लटकला असता. फक्त कुणाला कळलं नसतं.

म्हणजे मी पुन्हा एक खोटी खूण रोवली. तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं नाही.

५

हुबर्टच्या दिवसाआधीच्या आठवड्यात ओटिलियाने जेवायला बोलावलं. मेंढीच्या चीजचे गोळे, वर तळलेलं डुकराचं मांस. कोर्नेलने दोन पेले रिकामे केले.

"रविवारी चौथ्यावर मी बसणार," तो म्हणाला. "बैठकीच्या आदल्या दिवशी. तुझा तो पट्टा बांधून. मग मला काय बोलायचं ते बोलीन."

"चौथ्यावरच का?"

"वहिनी, तपासताना वाजवली म्हणतेस. तपासताना दहा मिनिटं वाजवतात होय?"

"वहिनीला छळू नका," ओटिलिया म्हणाली. "खा गप. तीन वर्षांत त्या मचाणाकडे तुम्ही फिरकला नाहीत, आता एकदम शौर्य कुठून आलं?"

कोर्नेल खाली बघून मांस कापत राहिला. गेझा तिचा भाऊ होता, आणि परत फिरलेली टोळी त्याची होती. त्या घरात तेवढ्या एका गोष्टीवर कुणी बोलत नसे.

मी मनात हिशेब केला. शनिवारी जाऊन लोकर काढायची. रविवारी घंटा मोकळी असेल. झालं.

पण कोर्नेल कधी सांगितल्या दिवशी कुठे गेलाय? तो शुक्रवारी गेला. कुणाला न सांगता, दुपारी, पहिला बर्फ भुरभुरत असताना. माझी लबाडी त्याला मला कळू न देता पकडायची होती.

६

शुक्रवारी दुपारी मी वर्कशॉपमध्ये होते. दार बंद, शेगडी पेटलेली, कानस चालू. पावणेतीनला घंटा वाजली.

मी कानस थांबवली. चौथी. दर दोन सेकंदांनी एक टोल.

चौथं मचाण माझ्या घरापासून चार किलोमीटर. मध्ये एक टेकडी. त्या घंटेच्या पोटात माझ्या हाताने कोंबलेली लोकर. ती ऐकू येणं शक्य नव्हतं. मी दार उघडून बाहेर आले. बाहेर ती मोठी झाली नाही, आत होती तेवढीच होती. शेजारच्या अंगणात ओटिलिया दोरीवरचे कपडे काढत होती.

"ओटे, तुला ऐकू येतंय?"

"काय?"

"कोर्नेल कुठाय?"

"झोपलेत वाटतं. नाही..." तिने दाराशेजारच्या खुंटीकडे बघितलं. "टोपी नाहीये."

मी व्हॅन काढली. माझं डोकं रस्ताभर माझ्याशी भांडत होतं. पोला, कान वाजतायत. पोला, वय झालं. पोला, लोकर कोंबलीस ना स्वतः, मग वाजेल कसं? मी वेग वाढवला. गेल्या वेळी मी डोक्याचं ऐकलं होतं. हाक मारली, उत्तर नाही, म्हणजे माणूस नाही, असं तेव्हा त्याने मला सांगितलं होतं.

रानाच्या फाटकापाशी व्हॅन सोडली आणि पळाले. घंटा चालूच होती.

झाडं विरळ झाली आणि मचाण दिसलं. वरच्या खिडकीत माणूस होता. खांदे रुंद, खिडकीभर. बाहेर वाकलेला, दोन्ही हातांत पट्टा धरून मागे रेललेला, विहिरीतून भरली बादली ओढतात तसा. मला एकदम सुटका झाल्यासारखं वाटलं. म्हटलं, देवा, कुणीतरी आधीच पोचलंय.

मग मी खाली बघितलं. पट्ट्याच्या टोकाला कोर्नेल लटकत होता. आणि पुन्हा वर बघितलं तेव्हा खिडकी मोकळी होती, बर्फ तिरका आत जात होता.

कोर्नेल जिवंत होता. ओठ निळे, डोळे उघडे, पाय जमिनीपासून पुरुषभर वर. शिडीची सातवी पायरी बर्फाने गुळगुळीत झाली होती.

"भाऊजी, पाय हलवत राहा. मी वर जाते."

"लवकर जा," तो पुटपुटला. "तो दमला असेल."

मी चढले. वर बाकावर बोटभर बर्फ साचला होता. मधे मात्र बाक कोरडा होता, मोठा कोरडा गोल. मी त्यावर तळवा ठेवला. लाकूड ऊबदार होतं. तेवढंच. मग कळ दाबली आणि एकेक दात मोजत त्याला खाली उतरवलं. एकतीस दात. त्याचे पाय जमिनीला लागले आणि माझ्या कानातली घंटा थांबली.

तिथे छताला खरी घंटा होती. मी तिच्यात बोट घातलं. लोकर जशीच्या तशी, घट्ट. लोलक केसभरही हलला नव्हता.

७

शिडीखाली बसवून मी त्याला थर्मासमधला चहा पाजला. दात पेल्यावर वाजत होते.

"पट्टा मी नीट आवळला नव्हता," तो म्हणाला. "तुझ्यावर राग होता. नुसता अडकवला आणि चढलो. पडलो तेव्हा तो काखेतून वर निसटायला लागला. म्हटलं, संपलं."

"मग?"

"मग कुणीतरी मागून आवळला. गुडघा पाठीला लावून. श्वास अडकला माझा, वहिनी."

मी बक्कल बघितलं. लाल खुणेच्याही अलीकडे, पट्टा त्याच्या वाळक्या छातीवर गच्च. लटकलेल्या माणसाला स्वतः तसं आवळता येत नाही. वजन पडलं की बक्कल पाठीकडे सरकतं, तिथे हात पोचत नाही.

"घंटेचं मात्र मानलं," तो म्हणाला. "सगळा वेळ वाजत होती. कान किटले. म्हटलं, वाज बाई, वाज, पोला येईल."

मी त्याचा पेला परत भरला. त्याच्या मागे बर्फात एक भरली डहाळी रोवलेली होती, वर माणूस आहे अशी. ती त्याची. तिच्याशेजारी दुसरी होती, तशीच भरली, ताजी तोडलेली. तोडलेल्या टोकाशी डिंक चमकत होता.

"दोन का रोवल्या, भाऊजी?"

त्याने मान वळवून बघितलं. "मी एकच रोवली," तो म्हणाला.

८

हुबर्टच्या दिवशी प्रार्थना झाली, ब्लाझेयने शिंग फुंकलं आणि मंडळ हॉटेलच्या मागच्या खोलीत जमलं. मोठ्या पातेल्यात रानडुकराचा रस्सा होता. कोर्नेल कमरेला गरम पट्टी बांधून बसला होता. बायका मागच्या बाकावर. मी बोलायची परवानगी मागितली आणि उभी राहिले.

मी आधी लोकरीचं सांगितलं. कोर्नेलच्या हातातला चमचा थांबला.

"मग मी काय ऐकलं?" तो म्हणाला.

"जे मी चार किलोमीटरवरून ऐकलं तेच."

मग मी डहाळीचं सांगितलं. तीन वर्षं गळ्यात अडकलेलं वाक्य अगदी छोटं निघालं. गेझाची खूण मी बदलली होती. मी हाक मारली, मागे जाऊन बघितलं नाही, आणि जागा रिकामी आहे असं मी लिहून ठेवलं. मी ओटिलियाकडे बघून बोलत होते. भाऊ तिचा होता.

ओटिलिया उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, थोबाडीत देईल. तिने द्यावी असं मलाही वाटत होतं.

"म्हणून तू दर रविवारी मला केक आणून देतेस?" ती म्हणाली.

"हो."

"खसखशीचा मला आवडत नाही. तीन वर्षं खातेय." तिचा चेहरा वाकडा झाला आणि तिने मला गच्च धरलं. मी रडले. चौदा शिकाऱ्यांसमोर, गिरणीतली फिटर बाई, नाक गळेपर्यंत रडले.

कोर्नेल हळूहळू उभा राहिला. "मी वीस पावलांवरून परत फिरलो होतो," तो म्हणाला. "खूण बघून. वीस पावलं चालायला किती वेळ लागतो? तीन वर्षं मी तेच मोजतोय." मग त्याने घसा खाकरला आणि त्याचा तो खोऱ्याएवढा आवाज परत आला. "आता मतदान. पट्टे राहावेत असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. आणि ज्याला वाटत नाही त्याने आधी चौथ्यावर अर्धा तास लटकून यावं."

चौदा हात वर गेले. पंधरावा हात कोर्नेलचा दुसरा होता. ब्लाझेय ओरडला, अध्यक्षाला दोन मतं कधीपासून, आणि खोली हसण्याने दणाणली. मग त्याने शिंग उचललं आणि कुणी न सांगता गेझासाठी शेवटची सलामी फुंकली. खिडक्यांच्या काचा हादरल्या. इतकं मोठं शिंग त्या खोलीत पूर्वी कुणी वाजवलं नसेल.

त्या हिवाळ्यात पलीकडच्या खोऱ्यातल्या मंडळांनी पट्टे मागितले. आज बासष्ट मचाणांवर आहेत. दोघं पडले, दोघंही लटकले, दोन्ही वेळा घंटा वाजली आणि दहा मिनिटांत माणसं पोचली. एकाचं नंतर लग्न झालं. लग्नात त्याने मला आईशेजारी बसवलं.

९

बैठकीनंतरचा शनिवार. नेहमीसारखी निघाले. पहिलं, दुसरं, तिसरं.

चौथ्याच्या घंटेतली लोकर मी काढली. बाकावर बर्फ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा पसरला होता. खाली उतरून पट्टा हातात घेतला. आठवडाभर मी त्याला हात लावला नव्हता. बक्कल कुठे असेल ते मला ठाऊक होतं, म्हणून लगेच बघवेना.

बक्कल पांढऱ्यावर होतं. बरोबर मध्यावर.

पट्टा हलका होता, चपटा होता, नुसतं नायलॉन. मी तो हातात धरून थोडा वेळ उभी राहिले. रानात काही वाजत नव्हतं. मला एकटं वाटलं, आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

शिडीपाशी त्या दोन डहाळ्या अजून उभ्या होत्या. कोर्नेलची मी उपटून टाकली. दुसरी उपटली, तिची खालची पानं ओरबाडली, शेंड्याला झुपका ठेवला. याच जागी, याच हातांनी मी हीच खूण एकदा रोवली होती, तेव्हा ती खोटी होती. आधी मी मागे गेले, दहा हातांवरचा खळगा नीट बघून आले. तिथे बर्फच होता.

मग परत येऊन डहाळी रोवली. माणूस उतरला, जागा रिकामी.

तिथे मी कधी चहा पीत नसे. त्या दिवशी थर्मास उघडला, उभ्याउभ्या सगळा प्यायले आणि पिशवीचे बंद गच्च आवळून पाचव्याकडे निघाले.